मे महिन्यातलं नागपूर म्हणजे पाच हजार फुटांवरचा रनवे: छोट्या विमानाच्या टेकऑफचा हिशोब, पायरी पायरीने

आपला नागपूरचा सोनेगाव एअरपोर्ट समुद्रसपाटीपासून १,०३३ फुटांवर आहे, म्हणजे याला हाय अल्टिट्यूड एअरपोर्ट कोणी म्हणणार नाही, आणि घोळ इथूनच सुरू होतो. हाय अल्टिट्यूड म्हटलं की लेह आठवतं, नेपाळचं लुक्ला आठवतं, आणि इथला विद्यार्थी म्हणतो की आपलं काय, आपण तर सपाट विदर्भात उडून राहिलो, ते डोंगरवाल्यांचं प्रकरण आहे. पण इंजिनाला आणि पंखाला उंची कळत नाही हो, त्यांना फक्त हवा किती दाट आहे एवढंच कळतं. मे महिन्यात दुपारी तीनला पारा ४५ वर असताना नागपूरची हवा साधारण ५,३०० फुटांवरच्या हवेइतकी पातळ झालेली असते. अमेरिकेतलं डेन्व्हर एअरपोर्ट ५,४३४ फुटांवर आहे, तिथे ४ डिग्री थंडी असताना जी हवा असते जवळपास तीच हवा तुमच्या पंखाखाली नवतप्यात सोनेगावला असते. आणि ४५ काही फार मोठा आकडा नाही, मे २०१३ मध्ये इथे ४७.९ पर्यंत गेलेलं आहे.

मग आपल्याला हे जाणवत का नाही? कारण आपला १४/३२ नंबरचा रनवे ३,२०० मीटरचा आहे. सेस्ना १७२, म्हणजे आपलं चार सीटचं छोटं विमान, कितीही सुस्त झाली तरी चारशे-पाचशे मीटरमध्ये उचलते, उरलेला अडीच किलोमीटरहून जास्त रनवे खालून निघून जातो आणि पायलटला वाटतं की आज थोडं जड वाटलं, बस. लांब रनवे ही चूक झाकून टाकतो. वर्षभर असं उडल्यावर हाच पायलट एखाद्या हजार मीटरच्या पट्टीवर जातो, किंवा खरोखरच्या डोंगरातल्या एअरपोर्टवर जातो, तेव्हा हिशोब करायची सवयच नसते. म्हणून माझं कळकळीचं म्हणणं आहे की हाय अल्टिट्यूडचा अभ्यास डोंगरात जाऊन सुरू करू नका, नागपुरातच करा, इथे तो फुकटात आणि सेफ करता येतो. खाली सगळं क्रमाने लिहिते.

पायरी १: आधी हवेचा आकडा काढा

पहिलं काम प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या दाबावरून ठरणारी उंची. विमानात बसल्या बसल्या अल्टिमीटरच्या (उंची दाखवणाऱ्या मीटरच्या) खिडकीत १०१३ हा स्टँडर्ड दाब लावा, काटा जे दाखवेल ते प्रेशर अल्टिट्यूड, बस. वाचून झाल्यावर क्यूएनएच (त्या वेळचा, समुद्रसपाटीला धरून काढलेला हवेचा दाब) परत लावायला विसरू नका, हे फार लोक विसरतात. घरी बसून काढायचं असेल तर १०१३ मधून क्यूएनएच वजा करा, ३० ने गुणा, आणि एअरपोर्टच्या उंचीत मिळवा. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे क्यूएनएच १००२ च्या आसपास असू शकतो, तर ११ गुणिले ३० म्हणजे ३३०, अधिक १,०३३, झाले साधारण १,३६० फूट.

मग डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे आजची हवा स्टँडर्ड हिशोबात किती उंचीवरच्या हवेइतकी पातळ आहे तो आकडा. स्टँडर्ड तापमान समुद्रसपाटीला १५ डिग्री आणि दर हजार फुटाला २ डिग्रीने कमी. १,३६० फुटांना ते होतं साधारण १२.३. बाहेर ४५ आहे म्हणजे फरक ३२.७ चा. दर डिग्रीला १२० फूट धरायचे, म्हणजे ३,९२० फूट, त्यात १,३६० मिळवले की ५,२८०. आता हाच हिशोब मे महिन्यात पहाटेचा करा, २९ डिग्री आणि क्यूएनएच १००४ धरून, तर साधारण ३,३०० येतो. आणि जानेवारीच्या सकाळी १२ डिग्री आणि १०१६ धरला तर जेमतेम ८०० येतो, म्हणजे एअरपोर्टच्या खऱ्या उंचीपेक्षाही कमी.

हे तीन आकडे एका खाली एक लिहून भिंतीवर लावा असं मी सगळ्यांना सांगते. जानेवारीत ज्याने पहिली सोलो मारली तोच मुलगा मे महिन्यात दुपारी त्याच विमानात त्याच रनवेवर बसला तर हवेच्या हिशोबाने तो साडेचार हजार फूट वर गेलेला असतो, आणि त्याच्या हाताला जी सवय लागलेली आहे ती सगळी थंडीतली असते.

दोन बारीक गोष्टी. एक, मेटारमधलं (एअरपोर्टच्या हवामान रिपोर्टमधलं) तापमान हे सावलीतलं, जाळीच्या पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचं असतं, काळ्या डांबराच्या रनवेवर तुमच्या पंखाच्या उंचीला हवा त्याहून गरम असते, तेव्हा दोन-तीन डिग्री वरचेच धरा. दुसरी, पावसाळ्यातला दमटपणा. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे ३० डिग्रीला हवा पूर्ण ओली असेल तर आणखी पाचशे फुटांच्या आसपास भर पडते, आणि वरच्या फॉर्म्युल्यात ही भर धरलेली नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा उतरला म्हणून सगळंच उतरलं असं समजू नका.

पायरी २: पातळ हवेत काय काय कमी होतं ते समजून घ्या

परीक्षेत सगळे लिहितात की इंजिन, प्रोपेलर आणि पंख तिघांचाही परफॉर्मन्स घटतो. बरोबर आहे, पण किती घटतो हे आकड्यात बघितल्याशिवाय पोटात गोळा येत नाही. साध्या म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटाला साधारण ३ टक्क्यांनी जाते. सेस्ना १७२ च्या एस मॉडेलचं, म्हणजे १७२ एस चं इंजिन १८० हॉर्सपॉवरचं, ५,३०० फूट डेन्सिटी अल्टिट्यूडला त्यातले १५० च्या आसपास उरतात. म्हणजे फुल थ्रॉटल दिलं तरी तीस घोडे गायब. त्यात प्रोपेलरही पातळ हवा ढकलत असतो, त्यामुळे जेवढी पॉवर उरली तिचाही ओढ म्हणून पूर्ण फायदा मिळत नाही.

पंखाचं थोडं वेगळं आहे आणि इथे गोंधळ होतो. विमान उचलायचा इंडिकेटेड स्पीड, म्हणजे मीटरवर दिसणारा, तोच राहतो, ५५ नॉट तर ५५ नॉट. पण पातळ हवेत मीटरवर ५५ दिसायला विमानाला खरोखर जवळपास साठच्या वेगाने पळावं लागतं. जास्त वेग गाठायचाय आणि तो गाठून देणारं इंजिन आधीच कमी झालंय, म्हणून ग्राउंड रोल, म्हणजे चाकं सुटेपर्यंतची धाव, एकदम वाढतो, थोडाथोडका नाही. ट्रिपल सीट स्कूटी घेऊन सेमिनरी हिल्सचा चढ चढल्यासारखं, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळलेला आणि गाडी आपली रांगतच.

पायरी ३: हँडबुकचा चार्ट उघडा, आणि त्याच्या खालच्या नोट्स आधी वाचा

मी १७२ एस चेच आकडे घेते कारण ते विमान बहुतेकांना माहिती आहे, तुमच्याकडे सेस्ना १५२ असो की आणखी काही, तुमच्या विमानाच्या हँडबुकमधलेच आकडे धरायचे. २,५५० पौंड म्हणजे फुल वजन, प्रेशर अल्टिट्यूड १,००० फूट, ४० डिग्री: ग्राउंड रोल १,२६० फूट, आणि ५० फुटांचा अडथळा पार करायला एकूण २,१३५ फूट. २,००० फुटांच्या ओळीत ४० डिग्रीला १,३८० आणि २,३५५. आपलं प्रेशर अल्टिट्यूड १,३६० आहे म्हणजे मधलं काढायचं, फरकाचे ३६ टक्के मिळवायचे. ग्राउंड रोल साधारण १,३०० आणि एकूण २,२१५ फूट. समुद्रसपाटीला १५ डिग्रीला हेच विमान ९६० आणि १,६३० फुटांत करतं, तेव्हा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढ झाली आणि अजून आपण ४० डिग्रीवरच आहोत.

आता विद्यार्थी विचारतात, मॅडम, चार्ट तर ४० वरच संपते, बाहेर ४५ आहे, मग काय करायचं? फार बरोबर प्रश्न आहे. कागदावर पुढची रेष ओढून आकडा काढता येतो, पण तो आकडा बनवणाऱ्या कंपनीने उडवून बघितलेला नाही, तो तुमचा अंदाज झाला. जिथे चार्ट संपतो तिथे तुमचं टेकऑफ प्लॅनिंगही संपतं, असं मी मानते. फुल वजनाने ४५ डिग्रीत जायचंच कशाला, थांबा, सकाळी जा. माझं मत या बाबतीत पक्कं आहे आणि इथे मी कोणाशी तडजोड करत नाही.

आणि त्या चार्टच्या अटी बघा ना. शॉर्ट फील्ड टेक्निक, म्हणजे छोट्या पट्टीवरून उचलायची पद्धत, फ्लॅप (पंखामागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) १० डिग्री, ब्रेक दाबून फुल थ्रॉटल, मग ब्रेक सोडायचे. कोरडा, सपाट, पक्का रनवे. वारा शून्य. ५१ नॉटला उचलायचं आणि ५० फुटांवर ५६ नॉट. आपण रोज काय करतो? वळता वळता थ्रॉटल देतो, फ्लॅप नाही, ५५ ला हलकेच उचलतो. मग तुमचा आकडा चार्टपेक्षा जास्त येणारच, त्यात विमानाचा काय दोष. खालच्या नोट्स सांगतात की ९ नॉट समोरच्या वाऱ्याला १० टक्के कमी करा, पण मागून वारा असेल तर दर २ नॉटला १० टक्के वाढवा. दोन नॉटला! म्हणजे ४ नॉटची झुळूक मागून असली की २० टक्के गेले. कोरडं गवत असेल तर ग्राउंड रोलच्या १५ टक्के आणखी.

पायरी ४: त्या आकड्यावर मार्जिन चढवा

चार्टचा आकडा नव्या विमानाचा, नव्या इंजिनाचा, आणि टेस्ट पायलटच्या हाताचा असतो. ट्रेनिंगचं विमान किती वर्षं मार खात असतं ते तुम्हाला माहितीये, प्रोपेलरच्या कडा घासलेल्या, टायरमध्ये हवा जराशी कमी, एखादा ब्रेक किंचित धरून ठेवणारा. ब्रिटनची सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटी टेकऑफच्या अंतराला १.३३ ने गुणायला सांगते, अमेरिकेतल्या पायलटांच्या एओपीए संघटनेची सेफ्टी इन्स्टिट्यूट तर ५० टक्के वाढवा म्हणते. मी ५० टक्केवाली. २,२१५ चे झाले ३,३२० फूट, म्हणजे १,०१० मीटरच्या वर.

इथे जरा थांबा आणि हा आकडा परत वाचा. सोनेगावला ३,२०० मीटर आहेत म्हणून काही फरक पडत नाही. पण तेच विमान तेवढ्याच वजनाने ४० डिग्रीत एखाद्या १,००० मीटरच्या पट्टीवर नेलं तर मार्जिन धरून ते बसत नाही, आणि ती पट्टी डोंगरात असायची गरजसुद्धा नाही, नागपूरच्याच उंचीवरची चालेल. आता समजा ती पट्टी ३,५०० फुटांवर आहे, हवा मस्त आहे, ३० डिग्री, सगळे म्हणतायत काय छान गार आहे इथे. हिशोब करा, डेन्सिटी अल्टिट्यूड येतो साधारण ६,१५०. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारपेक्षाही वाईट. अंगाला गार वाटतं, विमानाला नाही.

चढ-उताराचंही बघा, २ टक्के चढ असेल तर आणखी साधारण १० टक्के लागतात.

पायरी ५: वजन कमी करा, हाच तुमच्या हातातला सगळ्यात मोठा स्क्रू आहे

तापमान तुमच्या हातात नाही, रनवेची लांबी नाही, उंची नाही. वजन आहे. ढोबळ नियम असा की १० टक्के वजन वाढलं की टेकऑफचं अंतर २० टक्के वाढतं, आणि कमी केलं तर त्याच मापाने परत मिळतं, कारण जड विमान हळू वेग पकडतं आणि वर त्याला उचलायला वेगही जास्त लागतो, दोन्हीकडून मार. १७२ एस मध्ये वापरण्याजोगं पेट्रोल ५३ गॅलन, वजन साधारण १४४ किलो. टाक्या अर्ध्या ठेवल्या तर ७२ किलो वाचले, म्हणजे एक अख्खा माणूस. तासाभराच्या लोकल फ्लाइटला फुल टाकी कशाला हवी? रिझर्व्ह धरून जेवढं लागतं तेवढं भरा.

पण प्रवासी म्हणून जे येतात त्यांचं वजन विचारायला आपल्याकडे लाजतात हो. काका, वजन किती तुमचं, असं विचारलं की काका ७५ सांगतात आणि असतात ८८, त्यात पोरांच्या बॅगा, त्यात संत्र्याची पेटी. सरळ वजनकाटा ठेवा आणि बॅगेसकट उभं करा, कोणी रागावत नाही, आणि रागावलंच तर रागावू द्या.

पायरी ६: वेळ निवडा

यात लिहिण्यासारखं फार नाही, करण्यासारखं आहे. सगळ्यात कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास, सगळ्यात जास्त दुपारी तीन-चारच्या दरम्यान. पहिल्या पायरीत बघितलं तसं एकाच दिवसात दोन हजार फुटांचा फरक पडतो. शिवाय दुपारी थर्मल (तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी हवा), वावटळी, वारा कुठूनही, आणि मे-जून आहे तर संध्याकाळकडे वादळी ढग. लेहला विमानं सकाळी सकाळी जातात-येतात त्यामागेही तापमान आणि दुपारचे वारे हीच कारणं आहेत. उशीर झाला, पेपरवर्क अडकलं, नऊचे साडेअकरा झाले, तर सकाळी केलेला हिशोब रद्द समजा आणि नव्याने करा.

पायरी ७: रनवेवर उभं राहिल्यावर

मिक्सचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या पेट्रोल आणि हवेचं प्रमाण. सेस्नाचं हँडबुक सांगतं की ३,००० फुटांच्या वरच्या एअरपोर्टवर टेकऑफच्या आधी फुल थ्रॉटल स्टॅटिक रनअप (विमान जागेवरच ठेवून इंजिन चालवणं) करून मिक्सचर एवढं लीन करा, म्हणजे पेट्रोल एवढं कमी करा, की आरपीएम जास्तीत जास्त मिळेल. कारण पातळ हवेत फुल रिच ठेवलं तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, इंजिन गुदमरतं, आणि आधीच कमी असलेली पॉवर आणखी जाते. खऱ्या डोंगरातल्या एअरपोर्टवर हे विसरणं म्हणजे मोठा धोका. नागपुरात मात्र एअरपोर्ट ३,००० च्या खाली आहे आणि डेन्सिटी अल्टिट्यूड वर, तेव्हा मुलं विचारतात लीन करू का. फुल रिचमधलं जास्तीचं पेट्रोल इंजिन गार ठेवायचंही काम करतं आणि ४५ डिग्रीत सिलिंडर आधीच तापलेले असतात, म्हणून हे मनाने करू नका, तुमच्या विमानाचं हँडबुक आणि तुमचा इन्स्ट्रक्टर काय सांगतो त्याप्रमाणेच.

स्टॅटिक आरपीएम. ब्रेक दाबून फुल थ्रॉटल दिल्यावर किती आरपीएम यायला पाहिजे त्याची रेंज तुमच्या विमानाच्या कागदपत्रांत दिलेली असते. त्याखाली आला तर परत फिरा, गरमी आहे म्हणून असेल असं स्वतःला समजावू नका. फक्त हे खडी-धूळ असलेल्या जागी करू नका, प्रोपेलर खडे ओढून घेतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, टेकऑफ कुठे सोडून द्यायचा तो बिंदू ब्रेक सोडायच्या आधी ठरवा. जगभर शिकवतात तो नियम असा: अर्धा रनवे संपेपर्यंत उचलायच्या स्पीडच्या ७० टक्के स्पीड आला नसेल तर थ्रॉटल बंद, ब्रेक. ५५ ला उचलणार तर ३८-३९ नॉट. यामागचं गणित सोपं आहे, वेगाचा वर्ग अंतराच्या प्रमाणात वाढतो, अर्ध्या अंतरात वेग ७१ टक्के होतो. पण नीट बघा, हा नियम तुम्हाला रनवेच्या टोकाला फक्त उचलून देतो, पुढच्या झाडाबद्दल, हायटेन्शन वायरबद्दल तो काही बोलत नाही. पुढे अडथळा असेल तर अर्ध्याऐवजी पहिला तिसरा हिस्सा धरा. आणि जागा डोळ्याने दिसेल अशी ठरवा, अमुक टॅक्सीवे, अमुक बोर्ड, वाऱ्याचा मोजा. पळताना मीटर मोजता येत नाहीत.

पायरी ८: उचलताना हात आवरा

गरमीत किंवा उंचीवर रनवे खालून जास्त वेगाने पळताना दिसतो, कारण तुम्ही खरोखरच जास्त वेगात असता. डोळे म्हणतात स्पीड झाला, उचल. मीटर म्हणतो ४८. ऐकायचं मीटरचं. लवकर ओढलं तर विमान उठतंसुद्धा, हीच तर भीती आहे, कारण पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेवढं अंतर, जमिनीपासून तेवढ्या उंचीपर्यंत, म्हणजे ग्राउंड इफेक्टमध्ये, ड्रॅग (हवेचा विरोध) कमी असतो आणि विमान तरंगतं. पंधरा-वीस फूट वर गेलं की तो आधार कमी होत जातो, ड्रॅग वाढतो, इंजिनाकडे द्यायला काही उरलेलं नसतं, आणि विमान वरही जात नाही आणि स्पीडही वाढत नाही. अशा वेळी हात आपोआप आणखी मागे ओढतो आणि स्टॉल, म्हणजे पंखाचं उचलणंच सुटणं, तिथेच बसलेला असतो.

३० जून २०१२ ला अमेरिकेत आयडाहो राज्यात ब्रूस मेडोज नावाच्या पट्टीवर अगदी हेच झालं. स्टिन्सन १०८ विमान, चार माणसं, पट्टी ६,३७० फुटांवर, तापमान २७ डिग्रीच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशोबाने गारच. डेन्सिटी अल्टिट्यूड मात्र साधारण ९,२०० फूट. पट्टी सुमारे ५,००० फूट लांब, तरी विमान लांबच लांब पळालं, कसंबसं उठलं, झाडांच्या शेंड्यांवर तरंगत राहिलं, चढलंच नाही, आणि शेवटी झाडांत पडलं. पायलट गंभीर जखमी झाला पण चौघेही वाचले, आणि कॉकपिटमधल्या कॅमेऱ्यात ते सगळं रेकॉर्ड झालेलं आहे. त्यात बघण्यासारखी गोष्ट शेवटची नाही, सुरुवातीची आहे: पट्टी किती संपली तरी विमान जमिनीवरच आहे, आणि थांबायला जागा होती.

तेव्हा करायचं एवढंच: ठरलेल्या स्पीडलाच उचला, उचलल्यावर नाक लगेच वर नेऊ नका, जमिनीलगतच स्पीड वाढू द्या, क्लाइम्ब स्पीड आला की मग वर. फ्लॅप हँडबुक सांगतं तेवढेच, जास्त फ्लॅप दिले की लवकर उठतं पण चढत नाही. आणि काढताना अडथळा पार झाल्यावर, सेफ स्पीड आल्यावर, हळूहळू काढा.

पायरी ९: वर गेल्यावर

१७२ एस समुद्रसपाटीला मिनिटाला ७३० फूट चढते, सर्व्हिस सीलिंग १४,००० फूट, म्हणजे ती उंची जिथे चढायला मिनिटाला १०० फूटच उरतात. मधे सरळ रेष धरली तर ५,३०० फुटांना पाचशेच्या आसपास येतात. पण अडथळ्याला मिनिटं कळत नाहीत, तिथे किती अंतरात किती चढलो ते मोजायचं. समुद्रसपाटीला एका नॉटिकल मैलात ५९० फूट, इथे ३७० च्या आसपास, कारण चढणं कमी झालं आणि खरा वेग वाढला. त्यात नागपूरच्या दुपारच्या थर्मलचा खाली जाणारा प्रवाह मिनिटाला पाचशे फुटांचा भेटला की तुमचा क्लाइम्ब शून्य. घाबरून नाक वर करू नका, स्पीड धरा, सरळ त्यातून बाहेर पडा.

उंचीबरोबर स्पीडही बदलतात. १७२ एस चा सगळ्यात तीव्र चढाचा स्पीड समुद्रसपाटीला ६२ आहे आणि १०,००० फुटांवर ६७, तर सगळ्यात जलद चढाचा ७४ वरून ७२ होतो. दोन्ही एकमेकांकडे सरकतात, म्हणजे चुकायला जागा कमी होत जाते.

पायरी १०: खरोखरच्या उंचीवर जायचं असेल तर

लेह १०,६८२ फुटांवर आहे. उन्हाळ्यात दुपारी २५ डिग्री धरा, डेन्सिटी अल्टिट्यूड १४,४०० च्या वर जातो. १७२ एस ची सर्व्हिस सीलिंग आपण आत्ताच बघितली, १४,०००. म्हणजे ते विमान रनवेवर उभं असतानाच आपल्या सीलिंगच्या वर आहे, १८० पैकी १०५-११० हॉर्सपॉवर उरलेत, आणि टेकऑफचा चार्ट तर ८,००० फुटांवरच संपलेला आहे. इथे टेक्निक वगैरेचा प्रश्नच नाही, तिथे त्या वेळी ते विमान न्यायचं नाही. लुक्लाचा रनवे ५२७ मीटरचा आणि जवळपास १२ टक्के उताराचा आहे, टेकऑफ उताराकडे होतो, आणि तिथे टर्बोप्रॉप विमानं आणि खास ट्रेनिंग झालेले पायलट असतात. त्यांचे व्हिडिओ बघून आपल्या १५२ बद्दल काही ठरवू नका.

पाच-सहा हजार फुटांच्या एअरपोर्टवर मात्र छोटी विमानं रोज उडतात आणि ते शिकता येतं. पण पहिल्यांदा तिथल्या इन्स्ट्रक्टरबरोबरच. दरीत वळताना लक्षात ठेवा की वळणाचा घेर खऱ्या वेगाच्या वर्गाने वाढतो, १०,००० फूट डेन्सिटी अल्टिट्यूडला त्याच इंडिकेटेड स्पीडला आणि तेवढ्याच बँकला (वळताना विमान कलतं तेवढ्याच कोनाला) घेर तिसऱ्या हिश्श्याने मोठा होतो, सपाटीवरच्या अंदाजाने वळाल तर डोंगर आधी येईल.

हे सगळं सोनेगावला कसं घोटवायचं

मोठ्या रनवेवर थ्रेशोल्डपासून (रनवे जिथे सुरू होतो तिथून) साधारण ४०० मीटरवर दोन जाड पांढरे पट्टे रंगवलेले असतात, लँडिंगच्या एमिंग पॉइंटचे. आपण तिसऱ्या पायरीत ४० डिग्रीसाठी काढलेला ग्राउंड रोल १,३०० फूट, म्हणजे ३९६ मीटर. म्हणजे थ्रेशोल्डपासून निघून शॉर्ट फील्ड पद्धतीने टेकऑफ केला तर चाकं त्या पट्ट्यांपाशी सुटायला पाहिजेत. बघा सुटतात का. रनवेच्या कडेचे दिवेही जास्तीत जास्त ६० मीटरवर असतात, शेजारी बसलेल्याला ते मोजायला सांगा, उडवणाऱ्याने मोजायचे नाहीत, त्याने स्पीड बघायचा. इंटरसेक्शनवरून, म्हणजे टॅक्सीवे रनवेला मधेच मिळतो तिथून, निघालात तर मोजणी तिथून.

मग एक वही करा. तारीख, वेळ, तापमान, क्यूएनएच, वारा, वजन, काढलेला डेन्सिटी अल्टिट्यूड, चार्टचा ग्राउंड रोल, आणि प्रत्यक्ष लागलेला. शेवटच्या दोन आकड्यांचा भागाकार करा. तो १.१५ येत असेल तर तुमचं विमान आणि तुमचा हात मिळून चार्टपेक्षा १५ टक्के जास्त घेतात, आणि दुसऱ्या कुठल्याही एअरपोर्टवर जाताना आधी हा १.१५ लावायचा, मग वर ५० टक्के मार्जिन. थंडीत आणि उन्हाळ्यात दोन्हीकडे नोंदी ठेवा, आणि विमान बदललं की आकडा नवीन काढा, एकाच मॉडेलची दोन विमानंसुद्धा सारखी धावत नाहीत.